खेळातली जागा

बीड जिल्ह्यातली हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुलांनी गावातच शिकावे म्हणून हंगामी वसतिगृहे चालतात. शिरूर कासार तालुक्यात आर्वीची ‘शांतिवन’ ही संस्था अशा मुलांसाठी झटते. तरीही अनेक मुले आईवडिलांबरोबर जातात. फडाजवळच्या कोपीत धाकट्या भावंडाला सांभाळतात, पाणी भरतात, उसाचे वाढे गोळा करतात. उन्हाळ्याच्या तोंडी ती परततात तेव्हा धडे पुढे गेलेले असतात, आणि बाकावरच्या जोड्या, खेळातले गडीही ठरून गेलेले असतात. बुडालेल्या धड्यांची उजळणी होते; तुटलेल्या सोबतीची मात्र होत नाही.

सोबतीची ती उजळणी पाच-सहा मुलांच्या गटात होऊ शकते. पन्नास जणांसमोर तोंड न उघडणारे मूल पाच जणांत बोलते. गटात परतलेली आणि गावात राहिलेली, दोन्ही मुले हवीत. नुसती बुजरी मुले वेगळी बसवली तर त्यांच्यावर शिक्काच बसतो. आठवड्यातून एक-दोनदा, ठरलेल्या वेळी, त्याच शिक्षकाबरोबर बसल्याने भरवसा वाढतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ आर्नॉल्ड गोल्डस्टीन यांनी इतरांत मिसळण्याची कौशल्ये शिकवण्यासाठी चार पायऱ्या सांगितल्या: करून दाखवणे, करून पाहणे, कसे झाले ते सांगणे आणि तेच गटाबाहेर वापरणे.

समजा, लगोरी रंगात आली आहे आणि एकाला खेळायचे आहे. मध्येच घुसले तर भांडण होते, लांब उभे राहिले तर कुणी बोलावत नाही. जवळ जाऊन डाव संपेपर्यंत थांबायचे आणि मग विचारायचे, “पुढच्या डावाला मला घेता का?” गटात हे दोन-तीनदा करून पाहिले जाते. नकार आला तर काय करायचे, याचाही सराव होतो. आणि तितकाच सराव खेळणाऱ्यांना लागतो: नव्या गड्याला जागा कशी करून द्यायची.

गटात बंजारा तांड्यावरच्या मुलाला त्याच्या गोरमाटी बोलीत बोलावेसे वाटले तर बोलू द्यावे. लहान वयात घरची जबाबदारी पेललेले हे मूल कोरे नसते. त्याच्याकडून इतरांनीही शिकावे. एखाद्या मुलाला ऐकू कमी येत असेल किंवा स्वमग्नता असेल तर गटाच्या जोडीला विशेष शिक्षकाची मदत घ्यावीच लागते.

गटाचा उपयोग झाला की नाही, हे मधल्या सुट्टीत कळते. मूल कुणाबरोबर डबा खाते, कोणत्या खेळात असते, भांडणानंतर पुन्हा बोलते का, एवढे शिक्षकांनी पाहावे. वर्गात आपले कुणीतरी आहे असे वाटले, तर पुढच्या हंगामानंतरही शाळेत परतायला त्याला आणखी एक कारण मिळते.