भुकेचा वारसा

‘आघात’ हा शब्द आपल्या समीक्षेत आता चांगलाच रुळला आहे. वर्गात आत्मकथने शिकवताना तो वरचेवर येतो. तो उच्चारला की चर्चा मनाकडे, स्मृतीकडे वळते आणि शरीर मागे राहते. कॅनडातील निवासी शाळांविषयीच्या साक्षी वाचताना हे मला विशेष जाणवले.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १९९० च्या दशकापर्यंत, सरकारी पैशाने आणि बहुतांशी चर्चच्या व्यवस्थापनाखाली चाललेल्या या शाळांत तेथील मूळ रहिवाशांची सुमारे दीड लाख मुले ठेवली गेली. त्यांची भाषा तोडली गेली, हे आपण ऐकलेले असते. परंतु २००८ साली नेमलेल्या सत्य व सलोखा आयोगापुढच्या साक्षींत भूकही पुन्हा पुन्हा येते. १९४८ ते १९५२ या काळात तर अशा सहा शाळांतील कुपोषित मुलांवर, पालकांना न विचारता, आहाराचे प्रयोग झाले. एका शाळेत तुलनेच्या सोयीसाठी मुलांचे अपुरे दूध दोन वर्षे अपुरेच ठेवण्यात आले. इतिहासकार इयान मोस्बी यांनी २०१३ साली ही हकीकत उजेडात आणली.

पुढे २०१७ मध्ये त्यांनी व ट्रेसी गॅलोवे यांनी असे मांडले की, दीर्घकाळ अर्धपोटी वाढलेले शरीर पुढे चरबी साठवू लागते व मधुमेहाचा धोका वाढतो. वाढ खुंटलेल्या मुली आई झाल्या की त्याची झळ पुढच्या पिढीलाही लागू शकते. कॅनडातील मूळ रहिवाशांत मधुमेहाचे प्रमाण इतरांपेक्षा बरेच अधिक आहे. त्याला गरिबी, महाग अन्न अशी इतरही कारणे आहेत. पण खापर सहसा फुटते ते ‘रक्ता’वर, नाहीतर खाण्याच्या सवयींवर.

मी स्वतः मधुमेही आहे. दवाखान्यात मला पहिल्यांदा विचारले गेले, ‘घरात कुणाला आहे?’ वडिलांना होता. तेवढ्यावर माझे उत्तर संपले. ज्यांना हा वारसा शाळेच्या भोजनगृहातून मिळाला, त्यांनी त्या रकान्यात काय लिहावे?

दलित आत्मकथनांनी मराठी वाचकाला भूक वाचायला शिकवले. तेच वाचन आरोग्याच्या तक्त्यांपर्यंत न्यायला हवे. साक्षीदाराचे बोलणे संपल्यावरही त्याच्या रक्तातील साखर मोजली जात असते. तो आकडाही त्याच्या साक्षीचाच भाग आहे.