कोपर जुळलं, पण वळलं का?

कोपराचा एक्स-रे समोर धरला की नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "हाड जुळेल ना?" हाड बहुधा जुळतं. घास तोंडापर्यंत नेता येईल का, वेणी घालता येईल का, हे मात्र फार कमी जण विचारतात. मेयो क्लिनिकच्या बर्नार्ड मोरी आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मोजून दाखवलं, की रोजच्या बहुतेक कामांना कोपर ३० ते १३० अंशांत हललं तरी पुरतं. शस्त्रक्रियेची सगळी धडपड या शंभर अंशांसाठी असते.

दंडाच्या हाडाचं खालचं टोक सांध्यातच फुटलं, तर तरुण माणसात दोन प्लेट लावतात. आतले तुकडे नीट दिसावेत म्हणून अनेकदा कोपराचं टोकाचं हाड करवतीनं कापून वर उलटवावं लागतं आणि शेवटी ते परत बसवतात. त्याआधी आतल्या बाजूची अल्नर नस शोधून बाजूला घेतात. कोपर आपटल्यावर करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, तीच ही. दोन प्लेट समांतर असाव्यात की काटकोनात, यावर परिषदांमध्ये तासन्‌तास वाद रंगतात. हालचाल लवकर सुरू करता येईल इतकी पकड मिळाली, तर दोन्ही पद्धती चालतात, असं माझं मत आहे.

खरा पेच आहे तो सत्तरी ओलांडलेल्या, ठिसूळ हाडांच्या रुग्णाचा. तिथे स्क्रूच धरत नाही. कॅनडातल्या २००९ च्या अभ्यासात पासष्टीपुढच्या रुग्णांची दोन गटांत विभागणी केली होती: एका गटाला प्लेट, दुसऱ्याला कृत्रिम सांधा. प्लेटच्या गटातल्या पाच जणांचे तुकडे पक्के बसेनात, म्हणून टेबलावरच कृत्रिम सांधा बसवावा लागला. दोन वर्षांनी कृत्रिम सांध्याच्या गटातल्या लोकांचं कोपर अधिक चांगलं चालत होतं. पण या सांध्याची अटही मोठी आहे: जड वजन आयुष्यभर वर्ज्य. भरलेली कळशी रोज उचलणाऱ्या बाईला ही अट शस्त्रक्रियेआधीच सांगायला हवी.

कधीकधी शस्त्रक्रिया न करणं हाच योग्य उपचार ठरतो. एडिंबरामध्ये पंचाहत्तरीपुढच्या रुग्णांत कोपराचं सरकलेलं टोक बसवावं की तसंच ठेवावं, याची तुलना झाली. निष्कर्ष २०१७ मध्ये आले. शस्त्रक्रिया झालेल्यांमध्ये गुंतागुंत इतकी वाढली, की अभ्यास मध्येच थांबवावा लागला. वर्षभरानंतर हाताच्या कामात दोन्ही गटांत फरक नव्हता. रुग्णसंख्या लहान होती, हे खरं. तरीही "ऑपरेशन नको" म्हटलं की डॉक्टरांनी हात टेकले असं घरच्यांना वाटतं, आणि ते दुसरीकडे जाऊन तार घालून येतात. याचा मनस्ताप होतो.

सर्वांत अवघड दुखापत म्हणजे कोपर निखळणं, कोपराखालच्या दोन हाडांपैकी रेडियसचं डोकं फुटणं आणि अल्नाचं पुढचं टोक मोडणं, हे तिन्ही एकाच वेळी. १९९६ मध्ये रॉबर्ट हॉचकिस यांनी तिला 'भीषण त्रिकूट' म्हटलं. इथे रेडियसचं फुटकं डोकं नुसतं काढून टाकलं, तर सांधा पुन्हा निखळू शकतो. तीनपेक्षा जास्त तुकडे असतील तर सहसा धातूचं डोकं बसवतात आणि बाहेरचा फाटलेला अस्थिबंध शिवतात.

एवढं सगळं करून रुग्ण घरी जातो आणि कुणीतरी हाडवैद्याकडे नेऊन कोपर चोळून, ताणून घेतं. सूज वाढते, स्नायूंत नवं हाड धरण्याचाही धोका असतो. कोपर रुग्णानं स्वतःच्या ताकदीनं, दिवसातून अनेकदा, थोडं थोडं वाकवायचं आणि सरळ करायचं असतं. किती अंशांपर्यंत आणि कधीपासून, हे डिस्चार्जच्या कागदावर लिहून मागावं.