खोलल्याशिवाय ठरवू नका

"मालक, गाडीनं वाफ टाकलीया," ड्रायव्हरचा फोन आला तो खंबाटकी घाटातून. एप्रिलची दुपार, आमचा दहा चाकी २५१५ ट्रक आणि हौद्यात शिरोलीच्या फाउंड्रीसाठी चाकणहून भरलेलं भंगार. रेडिएटरचा खालचा होज फाटला होता. काटा लालात गेला आणि थोड्या वेळानं आपोआप खाली आला. पाणी संपलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खोटं बोलू लागतो. त्यात घाटात गाडी कडेला घ्यायला जागा नाही. वळण गाठेपर्यंत इंजिन तसंच कोरडं चढलं. तरी पोरगं शहाणं. जमलेली माणसं 'पाणी ओत, पाणी ओत' म्हणत असताना त्यानं इंजिन बंद केलं आणि गार होईपर्यंत रेडिएटरच्या टोपणाला हात लावला नाही. तापलेल्या हेडला गार पाणी लागलं की ते तडकू शकतं.

माल दुसऱ्या गाडीत पलटी केला, गाडी टोचन करून कोल्हापुरात आणली. ती दारात पोचायच्या आधीच सल्ले पोचले होते. मेव्हणे म्हणाले, "इंजिन बसलं, आता आहे त्या भावात फुंकून टाका." एका दलालानं अपघाती गाडीतलं 'चालू हालतीतलं' इंजिन फोटोसकट मोबाइलवर पाठवलं. कंपनीचं रिकॉन इंजिन घे, वॉरंटी मिळते, असंही कोणी सुचवलं. विम्याकडे बघण्यात अर्थ नव्हता. यांत्रिक बिघाड नेहमीच्या पॉलिसीत बसत नाही. गाडीचं कर्ज फिटलेलं होतं, एवढीच जमेची बाजू.

उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी मात्र तोंडातून आकडा काढला नाही. "आधी खोलू. खोलल्याबिगर मी काय बी सांगणार न्हाई."

चेंबरचा नट सैल केला तर ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं. म्हणजे पाणी ऑइलमध्ये उतरलेलं. हेड उतरवलं तेव्हा गॅस्केट पाचव्या आणि सहाव्या सिलिंडरच्या मध्ये जळून गेलेली दिसली. मिस्त्रींनी हेडवर लोखंडी सरळपट्टी उभी धरली आणि फटीत फीलर गेज सरकवला. पातळ पाती गेली, मग जरा जाड पातीही सहज गेली. हेड वाकलं होतं. पण वाकलेलं हेड मर्यादेत असेल तर फेसिंग करून सरळ होतं. तडकलेल्या हेडची गोष्ट वेगळी.

आमचं तडकलंय का, हे बघायला हेड टेस्टिंगला दिलं. पाण्याच्या वाटा पट्ट्या लावून बंद केल्या, हेड गरम पाण्याच्या टाकीत बुडवलं आणि आत हवेचं प्रेशर सोडलं. मी टाकीच्या काठाशी वाकून बघत होतो. सुरुवातीला खाचाखोचांत अडकलेले चार बुडबुडे वर आले नि थांबले. व्हॉल्व्हच्या सीटांमधल्या अरुंद पट्टीवर, जिथं हेड हमखास तडकतं, तिथून काहीच आलं नाही.

मग ब्लॉक. आमच्या गाडीतल्या कमिन्सच्या ५.९ लिटरच्या इंजिनाला लायनर नसतात. १०२ मिमीचे बोअर थेट ब्लॉकमध्येच असतात. त्यामुळे लायनर काढून नवा ठोकला, असं इथं चालत नाही. दोन बोअरना पिस्टन घासल्याचे उभे ओरखडे होते. सहाही बोअर अर्धा मिमी वाढवून ओव्हरसाइज पिस्टन टाकले की ओरखडे निघणार होते. ब्लॉकचा माथा सपाट निघाला. क्रँक मायक्रोमीटरनं मोजला. तो स्टँडर्डलाच होता आणि जर्नलवर निळी झाक नव्हती. ती असती तर बेअरिंग तापून धरलं होतं, असा अर्थ.

आता हिशेब कागदावर आला. रिकॉन इंजिनाच्या निम्म्याहून कमी पैशात आमचं इंजिन उभं राहत होतं. दलालाचं इंजिन त्याहूनही स्वस्त, पण ते आतून कोणी पाहिलं होतं? शिवाय इंजिन बदललं की आरटीओची मंजुरी, आरसीवर नवा इंजिन नंबर, विम्यात तोच बदल. आणि दलालाच्या इंजिनाचे कागद नीट नसतील तर चोरीच्या मालाचा ससेमिरा. आठ वर्षांपुढच्या गाडीला दरवर्षी पासिंग असतं. तिथं नंबर जुळला नाही की गाडी उभी.

मी दुरुस्तीला हो म्हटलं. मिस्त्रींनी अट घातली: रेडिएटर उघडून साफ करायचा, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, फॅन बेल्ट आणि सगळे होज नवे टाकायचे आणि साध्या पाण्याऐवजी कुलंट भरायचं. तापण्याचं मूळ तसंच ठेवलं तर कोरं इंजिनही तापणार, हे त्यांचं म्हणणं. सुरुवातीला गाडी हलक्या लोडवर चालवली. आज ती पुन्हा भंगार भरून तोच घाट चढते आणि काटा मध्यावरच असतो.

ब्लॉक तडकला असता किंवा क्रँक निळा पडला असता तर मीही इंजिनच बदललं असतं. त्यात माया धरण्यात अर्थ नाही. तुमची गाडी तापली तर घाबरून फोनवर सौदा करू नका. हेड, ब्लॉक, बोअर आणि क्रँक, ही चार मापं मिस्त्रींकडून कागदावर लिहून घ्या. ती द्यायला जो तयार नसेल, त्याच्याकडे गाडी खोलायला देऊ नका.