सरळ मिनार

आजोळची दगडी मशीद पाडून नवी बांधली, त्यालाही आता काही वर्षं झाली. जुनीचे दोन फोटो घरात आहेत. दोन्हींत मिनार मागे कललेले. अम्मी ते पाहून म्हणते, "अपनी मस्जिद ऐसी टेढी कहाँ थी?"

दोष मशिदीचा नव्हता. तोंड वर करून धरलेल्या कॅमेऱ्याचा होता. भात्याच्या मोठ्या कॅमेऱ्यात फिल्मची बाजू उभीच ठेवून नुसती लेन्स वर सरकवता येते. मग मिनार सरळ येतात. १८५५ मध्ये कॅप्टन बिग्ज यांनी विजापूरच्या आदिलशाही इमारती टिपल्या, त्या सरकारी कामगिरीवर. माझं सगळं ओझं मात्र केमच्या स्टेशनापासून माझ्याच खांद्यावर.

दांडीवर बसणारा मोनोरेल कॅमेरा हव्या तशा हालचाली देतो, पण जड. चार बाय पाच इंच फिल्मचा घडीचा इन्ट्रेपिड सव्वा किलोच्या आसपास. तो वाऱ्याला हलतो. शिवाय लेन्सची प्रतिमा फिल्मपेक्षा बरीच मोठी हवी, नाहीतर लेन्स वर सरकवताच कोपरे काळे पडतात. शेवटी ठरवलं, कॅमेरा हलका, तिपाई भक्कम.

पहिली फिल्म गोलघुमटासाठी नाही. शेजारच्या गावची जुनी मशीद पावसात गळते. नव्या बांधकामाची वर्गणी सुरू आहे.

मीही दिली आहे.