पणजीचा मोमो आणि चांदोरची मुसळे

जवाहरनगर हे भंडारा जिल्ह्यातील आयुधनिर्माणीच्या आश्रयाने वसलेले गाव. आमच्याकडे महाशिवरात्र म्हटली की गायमुखची यात्रा, आणि ज्यांच्या पायांत बळ असेल त्यांस पचमढीचा महादेव. समुद्राशी आमचा परिचय काय तो संस्कृत काव्यांतून झालेला. चिरंजीवांच्या नोकरीनिमित्त पणजीस बिऱ्हाड करण्याचा योग आला, तेव्हा मिरामारच्या वाळूवर उभे राहून मांडवी सागरास मिळताना आम्ही प्रथम पाहिली.

तेथेच सन 2023 च्या फेब्रुवारीत एक पेच उत्पन्न झाला. शनिवारी, तारीख 18 रोजी, महाशिवरात्र. आणि त्याच दिवशी गोमंतकातील कार्निव्हलचा आरंभ! कोकणीत यास इंत्रूज म्हणतात. मोमो नावाचा एक हास्यमूर्ती राजा चार दिवस राज्य करितो, आणि खा, प्या, मजा करा, एवढीच त्याची आज्ञा. आमच्या घरात साबूदाणा भिजत घातलेला. “उपासाच्या दिवशी मुलाला त्या पिणाऱ्यांच्या मेळ्यात न्यायचे का?” असे आमच्या कुटुंबाने विचारिले. सूनबाई काही बोलल्या नाहीत. नातवाने मात्र केव्हाच जोडे चढविले होते.

आम्हांस ही दोन सणांची गाठ केवळ योगायोगाची वाटेना. ख्रिस्ती लोकांचा ईस्टर वसंतसंपाताच्या सुमाराच्या पौर्णिमेनंतर येणाऱ्या रविवारी असतो. त्यापूर्वी, मधले रविवार वगळून, चाळीस दिवसांचा उपवासकाळ. आणि तो लागण्याच्या आदल्या मंगळवारी कार्निव्हल संपतो. वाचकांनी पंचांग काढून पाहावे: हा मंगळवार अमावास्येच्या आसपासच पडतो, आणि बहुधा ती अमावास्या माघाची असते. शिवरात्र तर माघ वद्य चतुर्दशीची. सन 2018 आणि 2022 मध्ये शिवरात्र नेमकी त्या मंगळवारीच होती. म्हणजे चंद्र एकच. आपण त्याच्या अखेरच्या कलेस उपोषण करितो, ते त्याच सुमारास खाऊनपिऊन उपोषणास सिद्ध होतात. हे विवेचन आम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून केले. कुटुंबाने उत्तर दिले नाही. परंतु शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा पिशवीत पडला.

मिरवणूक थाटाची खरी. चित्ररथ, वाद्यांचे ताफे, मुखवटे, आणि मुकुट घातलेला मोमो. पूर्वी या दिवसांत लोक पिठाच्या कागदी पुड्या एकमेकांवर फेकीत. चित्ररथांचा हा थाट 1965 पासूनचा, म्हणजे 1961 साली गोवे मुक्त झाल्यानंतरचा. तिमोतिओ फर्नांडिस हे त्यातील पहिले मोमो. आम्हांस हर्षाच्या ‘रत्नावली’चा पहिला अंक आठवला: कौशांबीत मदनोत्सव चालला आहे, पिष्टातक म्हणजे सुगंधी चूर्ण उधळले जात आहे, आणि विदूषक दासींबरोबर नाचण्यास उतावीळ झाला आहे. परंतु मधूनमधून व्यापाऱ्यांच्या जाहिरातींचे रथ येऊ लागले, ध्वनिवर्धकांनी कान किटले, आणि आमचे मन उडाले. मद्याने झिंगलेला एकही मनुष्य आमच्या दृष्टीस पडला नाही, हे येथे नमूद केलेच पाहिजे. नाही तर ते कुटुंब नमूद करील.

खरा इंत्रूज पाहिला तो सोमवारी, चांदोरास. शेजारी राहणारे एक ख्रिस्ती शिक्षक आम्हां सर्वांस आग्रहाने घेऊन गेले. चांदोर म्हणजे प्राचीन चंद्रपूर, कदंबांची जुनी राजधानी. (आमच्या विदर्भातील चंद्रपूर अर्थात निराळे.) जुन्या कोटाच्या जागी एका शिवालयाचे अवशेष आहेत, आणि शिर नसलेला पाषाणाचा नंदी. कुटुंब त्यासमोर बराच वेळ हात जोडून उभे होते. “शिवरात्रीला महादेव झाला, नंदी राहिला होता,” एवढेच त्या म्हणाल्या.

रात्री मुसळखेळ निघाला. तेथील ख्रिस्ती पुरुष हाती लांब मुसळे घेऊन, ती तालावर भूमीस आपटीत, कोकणी गाणी म्हणत फिरत होते. विजयनगरने चोळांवर मिळविलेल्या विजयाचे हे स्मरण, असे परंपरा सांगते. आमच्यातील इतिहासशिक्षक कुरकुरला: विजयनगर स्थापन झाले 1336 साली, आणि चोळांचे राज्य त्यापूर्वी अर्धशतक लयास गेलेले. पण त्या आघातांनी पायांखालची माती हादरत होती, आणि सनावळी तेथे निरुपयोगी होती. या लोकांच्या पूर्वजांनी धर्म बदलला, त्यास साडेचारशे वर्षे होऊन गेली. देवालय राहिले नाही, नंदीचे शिर राहिले नाही. मुसळ मात्र त्यांनी हातचे सोडले नाही. याचा आनंद मानावा की दुःख, हे आम्हांस अद्याप ठरविता आलेले नाही.

“उद्या शेवटचा दिवस,” शेजारी म्हणाले, “परवा सकाळी इगर्जीत जाऊन कपाळाला राख लावायची.”

कुटुंबाने चमकून विचारिले, “राख? कशाची?”

“गेल्या वर्षीच्या सणात आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून करतात.”

“आडवी लावता?”

“नाही, क्रुसाच्या खुणेची.”

“पण राखच ना!” असे म्हणून त्यांनी पिशवीतून डबा काढिला आणि उरलेला लाडू त्या गृहस्थांच्या हातावर ठेविला. इतक्यात मुसळांचा ताफा पुन्हा जवळ आला, आणि आम्ही सर्व भिंतीशी सरकून उभे राहिलो.