उजव्या मेंदूची मुलगी

मैत्रिणींनो, पुस्तकांच्या दुकानात पाककृतींच्या शेजारी आणखी एक मांडणी असते, तुम्हीही पाहिली असेल. मनाची पुस्तकं! स्मरणशक्ती कशी वाढवावी, मनाची सुप्त ताकद कशी जागवावी, मुलांमधला कलावंत कसा ओळखावा. मला ती वाचायला आवडतात. शाळेतून आलं, मागचं आवरलं, की दुपारचा तासभर माझा स्वतःचा असतो, तो बहुधा अशाच पुस्तकात जातो. पण या पुस्तकांतलं एक वाक्य आमच्या घरात शिरलं आणि त्याने असा घोळ घातला, की तुमच्याशी बोलावंसं वाटलं.

आमची धाकटी सातवीत आहे. चित्रं सुरेख काढते, गणितात मात्र जेमतेम. एका खाजगी क्लासच्या मंडळींनी मुलांची कसलीशी चाचणी घेतली आणि घरी रंगीत कागद पाठवला. 'ही मुलगी उजव्या मेंदूची.' म्हणजे कलेची. गणित, तर्क हे डाव्या मेंदूचं काम, आणि तो हिचा म्हणे कमी चालतो. सासूबाई म्हणाल्या, "मग कशाला त्या पोरीला छळता गणितासाठी?" हे म्हणाले, "तपासूनच लिहिलं असेल ना त्यांनी!" इथवर ठीक होतं. पण सहामाहीच्या तोंडावर अपूर्णांकांची वही मिटून पोरगी मला म्हणाली, "आई, माझा तो मेंदूच नाहीये. मला नाहीच येणार गणित."

बारा वर्षांच्या मुलीने स्वतःचा असा निकाल लावून टाकावा, हे मला फार लागलं. 'मला येत नाही' आणि 'माझ्यात ते नाहीच' या दोन वाक्यांत जमीनअस्मानाचं अंतर आहे. पहिल्यावर उपाय आहे, दुसऱ्यावर नाही.

मग हे उजवं-डावं आलं तरी कुठून, याच्या मी मागे लागले.

आपल्या मेंदूचे दोन अर्धे भाग असतात आणि त्यांना जोडणारा तंतूंचा एक जाड पट्टा असतो. फिट्स काही केल्या आवरत नाहीत अशा काही रोग्यांचा हा पट्टा डॉक्टरांनी शस्त्रक्रिया करून कापला होता. १९६० नंतरच्या काळात कॅलिफोर्नियातल्या रॉजर स्पेरी या शास्त्रज्ञाने अशा रोग्यांवर प्रयोग केले. डोळ्यांआड डाव्या हातात एखादी वस्तू दिली, तर रोग्याला तिचं नाव सांगता येत नसे. पण तोच हात पुढे ठेवलेल्या वस्तूंतून नेमकी तीच चाचपून काढी! कारण डाव्या हाताची खबर जाते उजव्या भागाला, आणि बोलण्याचं काम बहुतेकांत डावा भाग करतो. या संशोधनाबद्दल स्पेरी यांना १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

संशोधन अगदी खरं. पण ते होतं पट्टा कापलेल्या माणसांवरचं. तुमच्या-माझ्या डोक्यात तो शाबूत आहे आणि दोन्ही भागांचं अखंड देणंघेणं चालू आहे. २०१३ साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी ७ ते २९ वर्षं वयाच्या हजारावर लोकांच्या मेंदूचे स्कॅन तपासले. काही कामं एका बाजूला जास्त होतात, हे दिसलं. पण अख्खा माणूसच उजव्या किंवा डाव्या मेंदूचा, असं काही आढळलं नाही. आणि पाहा, संख्या लहान की मोठी हे ओळखायला मेंदूच्या दोन्ही बाजू कामाला लागतात. म्हणजे आमच्या लेकीचा 'गणिताचा मेंदू' कुठे हरवला नव्हता.

चित्रकलेशी ही गोष्ट घराघरांत जोडली गेली ती मुख्यतः एका पुस्तकामुळे. बेटी एडवर्ड्स या अमेरिकन चित्रकला-शिक्षिकेचं 'ड्रॉइंग ऑन द राइट साइड ऑफ द ब्रेन', १९७९ सालचं. जगभर खपलेलं. मी ते जरा रागानेच हातात घेतलं. आणि काय सांगू, पुस्तक चांगलं निघालं!

बाई म्हणतात, आपल्याला चित्र येत नाही ते हात वळत नाही म्हणून नव्हे, तर आपण नीट पाहत नाही म्हणून. डोळा काढ म्हटलं की आपण बदामासारखा आकार काढून मधे ठिपका देतो. समोरच्या माणसाच्या डोळ्याकडे बघतच नाही. यावर त्यांची युक्ती अशी, की नकलेसाठी घेतलेलं चित्र उलटं ठेवायचं, डोकं खाली, पाय वर. पुस्तकात पिकासोने काढलेलं संगीतकार स्ट्राविन्स्कीचं रेखाचित्र असं दिलं आहे. उलट्या चित्रात नाक 'नाक' म्हणून दिसत नाही. तिथे नुसत्या रेघा, वळणं, मधल्या मोकळ्या जागा असतात. मग हात दिसतं ते काढतो, माहीत असलेलं नाही.

मी शाळेत मराठी शिकवते. आठवीच्या एका मोकळ्या तासाला मुलांना एका चेहऱ्याची नक्कल आधी सरळ, मग उलटी ठेवून काढायला लावली. "बाई, मला चित्र येत नाही हं," असं आधीच सांगून बसलेल्या बऱ्याच मुलांची उलटी नक्कल सरस उतरली. सगळ्यांची नाही, पण बऱ्याच जणांची. आपल्याच कागदाकडे ती इतकी नवलाने पाहत होती!

आता गंमत बघा. मेंदूत नेमकं कुठे काय चालतं याचा निकाल काहीही लागो, आपली पद्धत उपयोगी पडते, असं एडवर्ड्सबाईंनीच पुढच्या आवृत्तीत सांगितलं आहे. त्यांनी पुस्तक लिहिलं 'तुम्हालाही येईल' हे सांगायला. आणि त्यातलाच शब्द उचलून त्या क्लासने माझ्या लेकीला सांगितलं, 'तुला येणार नाही.'

तेव्हापासून अशी पुस्तकं मी चाळणी घेऊन वाचते. ज्या पानावर करून पाहण्यासारखं काही असेल, ते पान आपलं. ज्या पानावर माणसावर शिक्का मारलेला असेल, ते पान उलटावं. 'आपण मेंदूचा दहाच टक्के भाग वापरतो' हे वाक्य तुम्हीही वाचलं असेल. साफ खोटं आहे. वजनाने शरीराच्या जेमतेम २ टक्के असलेला मेंदू शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा खातो. नव्वद टक्के रिकामटेकड्या पाहुण्याला एवढं कोण जेवू घालील?

तसंच मोझार्टच्या संगीताचं. ते ऐकवलं की मुलं हुशार होतात, म्हणून कितीतरी आयांनी कॅसेटी घेतल्या. मुळातला १९९३ सालचा प्रयोग ३६ कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर झाला होता, आणि आकृत्यांच्या एका प्रकारच्या कोड्यांत दिसलेला फायदा दहा-पंधरा मिनिटांत ओसरला होता. तान्ह्या मुलांचा त्यात संबंधच नव्हता. म्हणून कुणी मेंदूच्या नावाने फी मागू लागलं, तर खुशाल विचारावं : हे कुणावर तपासलं? किती जणांवर? गुण किती दिवस टिकला? भाजी घेताना आपण इतकं विचारतोच की!

धाकटीशी मी हे सगळं बोलले, स्पेरी आणि त्या पट्ट्यासकट. अपूर्णांक आम्ही आता चित्रं काढून सोडवतो. गणितात ती अजून मागेच आहे, पण वही मिटत नाही.

आणि ज्या मैत्रिणी 'मला चित्राचं अंग नाही' म्हणून लग्नाआधीच पेन्सिल ठेवून बसल्या आहेत, त्यांच्यासाठी त्याच पुस्तकातला आणखी एक धडा. दुपारी निवांत झालात की समोर एक खुर्ची ठेवा. खुर्ची काढूच नका. तिच्या पायांमधल्या, पाठीच्या दांड्यांमधल्या मोकळ्या जागा तेवढ्या जशा दिसतील तशा काढा. खुर्ची कागदावर आपसूक उमटते.