साहेबाचं पुस्तक, वकिलाचा अर्ज

इंग्रज साहेबाला दोन नाद जबर होते. एक शिकारीचा, दुसरा लिहिण्याचा. वाघ मारला की त्याचं कातडं विलायतेला जायचं, आणि मुलूख पाहिला की त्याचं पुस्तक. व्हिक्टोरिया राणीच्या अमदानीत या दुसऱ्या नादाला ऊत आला होता. कुठे कॉन्सल म्हणून नेमणूक झाली, कुठल्या दरबारी पोलिटिकल एजंट म्हणून पाठवलं, की साहेब रोजनिशी सुरू करणार आणि बदली होताच लंडनच्या प्रकाशकाचं दार ठोठावणार. पुस्तकं दोन-दोन खंडांची, शेवटी घडीचा नकाशा, परिशिष्टात हवापाण्याचे तक्ते, आणि पानोपानी तिथल्या माणसांच्या स्वभावाविषयी ठाम मतं. दोन महिने राहून इतकी ठाम मतं कशी बनतात, हे एक कोडंच आहे. आम्हाला जन्मभर शेजारी राहूनही शेजारी कळत नाही.

तरीही ही पुस्तकं मला आवडतात. जुहूच्या किनाऱ्यावर बसून वाचायला तर फारच. सकाळी ओहोटी लागलेली असावी. ओल्या वाळूवर बारीक खेकड्यांनी मोहरीएवढ्या गोळ्यांची नक्षी मांडलेली असते. भोकापासून निघालेल्या रेषा, रेषांवर गोळ्या, आणि मधोमध ये-जा करायला सोडलेली चिंचोळी वाट. पाऊल वाजलं की मालक आत. थोडा वेळ हलू नये, मग एक डोळा बाहेर येतो, मग दुसरा, आणि वाळू चाळून गोळी टाकण्याचं काम पुन्हा सुरू होतं. भरती आली की सगळं साफ. दुसऱ्या ओहोटीला नवा नकाशा.

साहेब लोक पुस्तकं लिहीत होते तेव्हा जुहू हे बेट होतं. साष्टीच्या पश्चिम अंगाला समुद्रातून जेमतेम वर आलेला वाळूचा लांबट दांडा. ओहोटीत मधलं खाजण तुडवून पलीकडे जायचं आणि भरती असली तर काठावर बसून राहायचं. उत्तरेच्या टोकाला भंडारी, आगरी, कुणबी. दक्षिणेला, वांद्र्याच्या समोर, कोळी. ताडी, मीठ, भात आणि मासळी एवढाच संसार. पोर्तुगीज या बेटाला 'जुवें' म्हणत. इथलं सेंट जोसेफचं चर्च १८५३ सालचं. हे साल लक्षात असू द्या, कारण पुढची गोष्ट त्याच सालाभोवती फिरते.

रिचर्ड बर्टन हा त्या लिहिणाऱ्या साहेबांचा मुकुटमणी. १८४२च्या ऑक्टोबरात ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला कोवळा अधिकारी म्हणून तो मुंबई बंदरात उतरला. दोसाभाई सोराबजी या वृद्ध पारशी मुनशींकडे हिंदुस्थानी शिकला. मग गुजराती, मग मराठी अशा परीक्षा देत सुटला. १८४७ साली आजारपणाची रजा काढून तो मुंबईहून फत्तेमारीने गोव्याला गेला आणि तिथून निलगिरीला. रजा सहा महिन्यांची, पुस्तक मात्र जाडजूड: 'गोवा अँड द ब्लू माउंटन्स', १८५१. त्यातला गोवा म्हणजे पडकी चर्चं, ओस रस्ते, थकलेलं राज्य आणि मिश्र रक्ताच्या लोकांची यथेच्छ टवाळी. टवाळी वाचवत नाही, पण डोळा तीक्ष्ण आहे हे नाकारता येत नाही.

हा गोवा मला एका वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. त्याआधी आठ वर्षं, सप्टेंबर १८३९मध्ये, कंपनी सरकारने साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना गादीवरून उतरवून काशीला धाडलं. आरोप तीन: शिपायांना फितवलं, नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधलं, आणि गोव्याच्या पोर्तुगीजांशी मिळून कंपनीविरुद्ध कट केला. ज्या गोव्याच्या बळावर सातारचा राजा म्हणे इंग्रजी राज्य उलथणार होता, त्या गोव्याची खरी अवस्था पुढे कंपनीच्याच एका लेफ्टनंटने पुस्तकात छापून दाखवली. बर्टनच्या हे ध्यानीमनीही नसेल. पण महाराजांच्या वकिलाला त्याहून चांगला साक्षीदार मिळाला नसता.

तो वकील तेव्हा लंडनमध्येच होता.

रंगो बापूजी गुप्ते यांचं नाव साताऱ्यात आदराने घेतात, मुंबईत विचारलं तर लोक तोंडाकडे पाहतात. वकील म्हणजे तेव्हाच्या दरबारी अर्थाने राजाचा दूत. महाराजांची बाजू थेट कंपनीच्या मालकांपुढे आणि पार्लमेंटापुढे मांडायची, या एका कामासाठी हा गृहस्थ समुद्र ओलांडून गेला आणि सुमारे चौदा वर्षं तिकडे राहिला. समुद्र ओलांडणाऱ्याला जातगंगेत परत घ्यायचं की नाही यावर पंचायती बसायच्या, असे ते दिवस. तिथे जाऊन ते इंग्रजी शिकले. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्प्सन यांच्यासारखी वजनदार माणसं त्यांनी महाराजांच्या बाजूने उभी केली. लेडनहॉल स्ट्रीटवरच्या ईस्ट इंडिया हाउसमध्ये, त्या दगडी खांबांच्या कचेरीत, भागधारकांच्या सभेत सातारचा विषय पुन्हा पुन्हा निघेल अशी तजवीज केली. १८४७ साली महाराज काशीला वारले. पुढच्या वर्षी गादीवर बसवलेले त्यांचे भाऊही गेले, आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून साताराच खालसा केला. ज्या राज्याचा दूत, ते राज्यच नकाशावरून पुसलं गेलं. दूत मात्र जागचा हलला नाही. तो आता प्रतापसिंहांच्या राणीसाहेबांसाठी आणि दत्तक मुलासाठी भांडू लागला.

आता १८५२-५३च्या हिवाळ्यात त्या लेडनहॉल स्ट्रीटवर या. बर्टनही लंडनमध्ये आहे आणि त्याचंही काम याच कचेरीत आहे. त्याला अरबस्तान पालथा घालायला तीन वर्षांची रजा हवी आहे. संचालक तीन वर्षांना नाही म्हणतात, पण अरबी भाषा पक्की करण्यासाठी एक वर्ष देतात. तेवढ्या रजेवर हा पठ्ठ्या पठाण हकिमाच्या वेषात मदिना आणि मक्का गाठतो. सुखरूप सुटतो, मुंबईला येतो आणि इथे, कौन्सिलचे सभासद लम्सडेन यांच्या पाहुणचारात, पुस्तक लिहायला बसतो. १८५५-५६मध्ये त्याचे तीन खंड निघतात आणि बर्टनचं नाव जगभर होतं. त्याच १८५३ सालाच्या अखेरीस रंगो बापूजींचा लंडनचा मुक्काम संपतो. कर्ज गळ्याशी आलेलं. देणेकऱ्यांची तोंडं बंद करून आणि परतीचं भाडं भरून कंपनी त्यांना बोटीवर बसवते. एकच कचेरी, एकच साल आणि दोन प्रवासी. एकाला तिने रजा दिली, दुसऱ्याची रवानगी केली.

बर्टनची पुढची कारकीर्द म्हणजे सरकारी नोकरी आणि प्रवासवर्णन यांचा बिनतोड संसार. १८६१ साली तो कॉन्सल झाला आणि १८९०मध्ये त्रिएस्तला मरेपर्यंत कॉन्सलच राहिला. फर्नांदो पोला नेमलं, पश्चिम आफ्रिकेवर पुस्तक. सांतोसला नेमलं, ब्राझीलच्या पठारांवर पुस्तक. दमास्कसला नेमलं, सीरियावर पुस्तक. त्रिएस्तहून रजा काढून १८७६च्या फेब्रुवारीत बायकोला घेऊन तो पुन्हा मुंबईला आला. त्यातून त्याचं सिंधवरचं पुस्तक निघालं, आणि इझाबेलबाईंनी 'अरेबिया, इजिप्त, इंडिया' लिहिलं ते वेगळंच, १८७९ साली. मुंबईत त्यांचा दोस्त होता फॉर्स्टर फिट्झजेरल्ड आर्बथनॉट, मुलकी खात्यातला बडा अधिकारी. त्याचा समुद्राकाठचा बंगला वांद्र्याला. चार घोड्यांची गाडी स्वतः हाकायचा शौक. त्या बंगल्यावर पाहुण्यांची उठबस चाले. पुढे खाडी, आणि खाडीपलीकडे आमचं जुहू, ताडी उतरवण्यात आणि जाळी विणण्यात गुंतलेलं.

याच आर्बथनॉट-बर्टन जोडीने १८८३ साली कामसूत्राचं इंग्रजी भाषांतर काढलं. आज ते दुकानादुकानांत बर्टनच्या नावावर खपतं. संस्कृत पोथ्या जमवून, पाठ जुळवून, अर्थ लावून देणारे होते मुंबईचे पंडित भगवानलाल इंद्रजी, आणि त्यांच्या हाताशी होते शिवराम परशुराम भिडे. भगवानलाल हे शिलालेख वाचणारे नाणावलेले विद्वान. सोपाऱ्याचा बौद्ध स्तूप १८८२ साली त्यांनीच उकरून काढला. भिड्यांचं नाव मात्र तळटीपेच्या वर कधी आलं नाही. या घराण्यातल्या पुस्तकांची ही जुनीच रीत. व्हिक्टोरिया गादीवर येण्याच्या तीन वर्षं आधी अलेक्झांडर बर्न्सने 'ट्रॅव्हल्स इन्टू बोखारा' छापलं आणि लंडनने त्याला डोक्यावर घेतलं. त्या वाटेवर मोजमापं घेणारा मोहम्मद अली हा मुंबईच्या इंजिनिअर इन्स्टिट्यूशनमध्ये, कॅप्टन जर्व्हिस यांच्या हाताखाली तयार झालेला. त्याने पावलं मोजली, साहेबाने पानं.

मग रंगो बापूजींनी प्रवासवर्णन का लिहिलं नाही? चौदा वर्षं लंडन पाहिलेला त्या काळातला दुसरा मराठी माणूस शोधून सापडायचा नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर आगगाड्यांचं जाळं पसरलं, १८५१चं काचेच्या महालातलं थोर प्रदर्शन भरलं, धान्यावरच्या जकातीचे कायदे रद्द झाले. बर्टनच्या हाती इतकं लागलं असतं तर चार खंड निघाले असते.

मला वाटतं, प्रवासवर्णन लिहायला तीन गोष्टी लागतात. खिशात परतीचं भाडं लागतं, पाठीशी आपलं म्हणावं असं राज्य लागतं, आणि ज्यांच्याविषयी लिहायचं त्यांची मर्जी सांभाळायची गरज नसावी लागते. बर्टनपाशी तिन्ही होत्या. गोव्याच्या माणसाला त्याने नावं ठेवली म्हणून त्याची रजा कापली गेली नाही. रंगो बापूजींपाशी तिन्ही नव्हत्या. ज्या यजमानांकडे न्याय मागायचा, त्यांच्या जेवणाची, पोशाखाची, बायकामुलांची गंमत कशी लिहिणार? म्हणून त्यांनी पत्रं लिहिली, निवेदनं दिली, निषेध नोंदवले. पण ते सगळं घडायला किती पाहावं लागलं असेल याचा हिशेब करा. भागधारकाच्या मताला किती किंमत, सभागृहात प्रश्न कोणाच्या तोंडून विचारवायचा, कोणता सभासद मनापासून बोलतो आणि कोणता फक्त टाळ्यांसाठी, हे इंग्लंडमध्ये मुरल्याशिवाय कळत नाही. साहेब आपल्याकडे देवळं आणि जत्रा पाहून गेला. हा माणूस साहेबाच्या सत्तेचं माजघर पाहून आला.

परत आल्यावरही लिहिण्याइतकी सवड मिळाली नाही. १८५७ साली साताऱ्यात उठावाचा बेत फुटला. ८ सप्टेंबरला गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शिक्षा झाली. कोणाला फाशी, कोणाला गोळी, कोणाला तोफेच्या तोंडी. त्या सतरांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता. सरकारने बापाला पकडायला जंग जंग पछाडलं. अर्जविनंत्यांवर सारा भरवसा टाकलेला हा दूत कोणाच्याही हाती लागला नाही, पुन्हा कोणाला दिसला नाही. त्यांचं चरित्र मराठीत यायला प्रबोधनकार ठाकऱ्यांची वाट पाहावी लागली. त्यांचं 'प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी' १९४८ साली निघालं, म्हणजे इंग्रज गेल्यावर.

आता सांताक्रूझच्या धावपट्टीवरून सुटलेली विमानं जुहूवरून समुद्रावर झेप घेतात. त्यांतली काही लंडनची असतात. सकाळी इथे निघालेला माणूस संध्याकाळी तिथे उतरून जेवणाच्या ताटाचा फोटो पाठवतो. प्रवासवर्णन लिहायला आता कॉन्सल असावं लागत नाही, मुनशी लागत नाही, प्रकाशकही लागत नाही. चांगलंच झालं. मात्र नव्या प्रवाशांनाही दोन महिन्यांत ठाम मतं बनवायची साहेबी सवय लागलेली दिसते, तेवढी आवरली तर बरं.

ईस्ट इंडिया हाउस १८६१ साली पाडलं. तिथे आज लॉइड्सची पोलादी इमारत उभी आहे. लंडनला गेलात तर थेम्स, राजवाडा वगैरे पाहाच. पण एक चक्कर लेडनहॉल स्ट्रीटलाही मारा. साताऱ्याला गेलात तर 'चार भिंती' नावाच्या जागेपाशी थांबा, तिथे सत्तावनच्या या माणसांचं स्मारक आहे. आणि मराठी प्रवासवर्णनांचा इतिहास पुन्हा कोणी लिहायला घेतला, तर त्यांना माझी एक विनंती आहे. रंगो बापूजींच्या अर्जांना आणि निषेधपत्रांना त्यात पहिल्या प्रकरणात जागा द्या. इंग्लंड आतून पाहून आलेल्या मराठी माणसाचं ते लेखन आहे, आणि बर्टनच्या तीन खंडांपेक्षा त्याची किंमत आपण जास्त मोजली आहे.